मुंबई ते नेवार्क, आणि आईचा दोरा

ताई न्यू जर्सीला एडिसनला असते, आई मे महिन्यात पहिल्यांदाच तिच्याकडे चाललीये. परवा मुंबई ते नेवार्क (ताईच्या जवळचा एअरपोर्ट) तिकीट प्रिंट करून हातात दिलं तर चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाली, रात्री एकला निघायचं, सकाळी साडेसातला पोचायचं, तारीख पण तीच! साडेसहा तासच? म्हणजे कोल्हापूरच्या एसटीपेक्षा थोडंच जास्त की रे.

आता काय सांगणार. म्हटलं अगं ते साडेसात तिकडचे, उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतात, म्हणजे खरे झाले सोळा तास. त्यावर ती गप्प झाली आणि मग एकदम, "एवढं लांब आहे तरी किती?" साडेबारा हजार किलोमीटर. "आणि विमान तासाला नऊशे जातं ना? मग चौदाच तास झाले. वरचे दोन कुठे गेले?" (आई रिटायर्ड गणिताची बाई आहे, विसरलोच होतो मी.)

मग भाचीचा जुना पृथ्वीगोल काढला. आईने शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं न्यूयॉर्कच्या शेजारी, आणि ताणला. मला वाटलेलं अरबस्तान, युरोप असा जाईल, तर तो पाकिस्तानवरून कझाकस्तान, रशिया, फिनलंड, पार आइसलंडच्या बाजूने ग्रीनलंडच्या शेपटाला लागून खाली उतरला! भिंतीवरच्या नकाशात हे कधीच दिसत नाही कारण तो गोल पृथ्वी सपाट करून काढलेला असतो.

पण विमान काही दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केलीये, अमेरिकन कंपन्यांना 2022 पासून रशियावरून जाता येत नाही, म्हणजे कुठल्याही कंपनीचं तिकीट काढा, वळसा आलाच. त्यात वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, जाताना तो समोरून येतो आणि वेग खातो. येताना तोच पाठीमागून ढकलतो, म्हणून परतीला साधारण चौदा तासच लागतात.

"म्हणजे येताना उतार आहे," आई म्हणाली आणि दोरा रिळाला गुंडाळून ठेवला. मी पण मग नाही म्हटलं नाही.

आता खरी काळजी वेगळीच आहे. फ्लाइट रात्री एकची, म्हणजे दहाला एअरपोर्टवर हवं, आणि पुण्याहून निघायचं शुक्रवारी संध्याकाळी. शुक्रवार! खंडाळ्याचा घाट!! गूगल साडेतीन तास दाखवतंय, आई म्हणतीये दुपारी दोनला निघू, डबा घेऊन. मी कॅबवाल्याला चारचं सांगितलंय, अजून तिला बोललो नाहीये.