किंक्सचा फाटका स्पीकर

साठच्या दशकातल्या ब्रिटिश बँड्सचा विषय निघाला की लोक लगेच बीटल्सच्या केसांवर आणि किंचाळणाऱ्या पोरींवर येतात. ९ फेब्रुवारी १९६४ ला अमेरिकेतल्या एड सलिव्हनच्या टीव्ही शोमध्ये त्यांना ७ कोटींच्या वर लोकांनी पाहिलं, ते काही थोडंथोडकं नाही. पण मला विचाराल तर रॉकला आज जो दणका आहे त्याची खरी सुरुवात उत्तर लंडनमधल्या मसवेल हिलच्या एका पोराने केली, किंक्स या बँडचा गिटारिस्ट डेव्ह डेव्हिस, वय वर्षं १७.

ह्याच्याकडे एल्पिको नावाचा छोटासा हिरवा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारं खोकं) होता, स्वस्तातला. त्याचा तो गुळगुळीत आवाज ऐकून पोरगं वैतागलं आणि ब्लेड घेऊन स्पीकरचा आतला कागदी पडदाच चिरून टाकला! चिरलेला कागद फडफडला की प्रत्येक सुराला एक गुरगुर चिकटते, आणि मग तो अ‍ॅम्प व्हॉक्स कंपनीच्या मोठ्या अ‍ॅम्पला जोडला की झालंच. अमेरिकेत लिंक रे नावाच्या गिटारिस्टने १९५८ मध्येच पेन्सिलने स्पीकरला भोकं पाडली होती, त्यामुळे पहिला मान डेव्हचा नाही, पण पोराटोरांपर्यंत हा आवाज पोचवला यानेच. डेव्हच्या थोरल्या भावाने, रे डेव्हिसने, पियानोवर बसवलेली धून गिटारवर आली आणि ‘यू रिअली गॉट मी’ तयार. आधी हे गाणं संथ आणि गुळगुळीत रेकॉर्ड झालं होतं पण रे अडून बसला की असं चालणार नाही, परत करायचं. आधीचे दोन सिंगल्स आपटले होते तरी हा माज! सप्टेंबर १९६४ मध्ये गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरला. आणि हो, त्यातला सोलो (मधला एकट्या गिटारचा तुकडा) जिमी पेज या नावाजलेल्या गिटारिस्टने वाजवलाय ही थाप अजून फिरते, वाजवलाय डेव्हनेच.

मग आवाज वाढवायची चढाओढच लागली. द हू या बँडचा गिटारिस्ट पीट टाउनझेंडला आणखी मोठा आवाज हवा, म्हणून हॅनवेलमधल्या ड्रमच्या दुकानाचे मालक जिम मार्शल यांनी त्यांच्यासाठी १०० वॅटचे अ‍ॅम्प बनवले. स्टेजवर मागे जी काळ्या खोक्यांची भिंत दिसते ना, ती तिथून आली.

यातलं बरंच काही मुळात अमेरिकेतल्या काळ्या ब्लूजवाल्यांचंच होतं, गोऱ्या अमेरिकेला ते परत ऐकवलं लंडनच्या पोरांनी. हे चोरीच म्हणणारे आहेत आणि त्यांचंही अगदीच चूक नाही. पण १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सना अमेरिकेतल्या शिंडिग या टीव्ही शोचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी हट्ट धरला की ब्लूज गायक हाउलिन वुल्फलाही बोलवा. तो गात होता तेव्हा हे सगळे त्याच्याभोवती खाली बसून ऐकत होते. ते फुटेज बघाच.

किंक्सचं मात्र वाईट झालं. त्याच १९६५ मध्ये अमेरिकेतल्या संगीतकारांच्या युनियनने त्यांना तिथे वाजवायला बंदी केली, ती थेट १९६९ पर्यंत, ऐन कमाईच्या काळात! रे मग इंग्लंडमधली गावं, चहा, जुने फोटो असल्या गोष्टींवर लिहीत बसला. तेव्हा फारसं खपलं नाही पण नव्वदीतल्या ब्लरसारख्या बँड्सनी तेच उचललं. आणि व्हॅन हेलनने १९७८ मध्ये पहिल्याच अल्बमवर ‘यू रिअली गॉट मी’ घेतलं, त्यांच्या एडीने गिटार भन्नाट वाजवलीय, मान्य, पण मला मूळचंच आवडतं, तेही मोनोवालं, म्हणजे सगळा आवाज एकाच चॅनलमधून येणारं.