पलंग मालकाचा, गादी आपली

३ मे

मे लागला की सोलापुरात घरं बदलायची घाई सुरू होते. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, बदल्याही याच सुमारास होतात, आणि जुळे सोलापूर, विजापूर रोड, शेळगीकडे गेटागेटांवर ‘भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या दिसतात. हल्ली पाटीवर ‘फर्निश्ड’ किंवा ‘सेमी-फर्निश्ड’ असंही लिहिलेलं असतं. या शब्दांना ठरलेलं माप नाही. एकाच्या सेमी-फर्निश्डमध्ये किचन ट्रॉली, गीझर, पंखे आणि भिंतीतली कपाटं येतात, तर दुसऱ्याच्या सेमीमध्ये दोन पंखे आणि एक ट्यूब. ‘रिकामं घर’ म्हणून घेतलं तर कधीकधी पंख्याचा हूक आणि लोंबती वायर एवढंच हाती येतं. म्हणून फोनवर शब्दाचा अर्थ विचारत बसू नये, वस्तूंची नावं विचारावीत: पंखे किती, गीझर कुठला, जाळ्या आहेत का, माळा आहे का.

पैशाचा हिशेब राहण्याच्या मुदतीवर फिरतो. उदाहरणापुरते आकडे घेते. रिकामं घर ७,००० रुपये, तसंच भरलेलं, म्हणजे फर्निश्ड, १०,५००. फरक महिन्याला ३,५००, म्हणजे अकरा महिन्यांत ३८,५००. आता पलंग, गाद्या, कपाट, कूलर, शेगडी आणि जुना फ्रिज मिळून स्वतः ४५,००० चं सामान घेतलं आणि जाताना ते निम्म्या किमतीला गेलं, तर खरा खर्च २२,५००. सामान आणायला-न्यायला छोटा हत्ती आणि हमाली दोन वेळची ६,००० धरली, की झाले २८,५००. त्याला ३,५०० ने भागलं की आठ महिन्यांच्या जरा पुढचा आकडा येतो. त्याच्या आत घर सोडायचं असेल तर भरलेलं स्वस्त, त्यापुढे रिकामं. प्रोजेक्टवर सहा महिने आलेल्याने पलंग विकत घेऊ नये, आणि मुलं शाळेत घातलेल्या कुटुंबाने दुसऱ्याच्या सोफ्याचं भाडं वर्षानुवर्षं भरू नये, असं मला मनापासून वाटतं.

७ मे

इथला खरा प्रश्न सोफ्याचा नाही, पाण्याचा आणि उन्हाचा आहे. उजनी धरणाचं पाणी नळाला रोज येतंच असं नाही, मध्ये किती दिवस जातात ते भागाभागावर. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पुरवठ्याचं प्रमाण धरलं तर तीन माणसांना चार दिवसांसाठी १,६२० लिटर साठा लागतो. गच्चीवर हजार लिटरची एकच टाकी असेल आणि खाली हौद नसेल, तर भरलेल्या घरातही २०० लिटरचे तीन ड्रम आपल्यालाच आणावे लागतात. सामानाच्या यादीत ड्रम कधीच नसतो! घर बघायला गेल्यावर आधी हौदाचं झाकण उघडायला लावावं, मोटर कोणाच्या मीटरवर आहे ते विचारावं, मग हॉल बघावा.

वॉशिंग मशीनचंही पाण्याशीच नातं आहे. फुल ऑटोमॅटिक मशीनला साधारण तीन मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा दाब हवा असतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर जेमतेम मीटर-दीड मीटर असते. मशीनमध्ये पाणी करंगळीएवढं पडतं आणि ते मध्येच एरर दाखवून थांबतं. मालक म्हणतो मशीन चांगलं आहे, आणि त्याचंही खरं असतं. अशा घरात बादलीने भरता येणारं सेमी ऑटोमॅटिक बरं. बोअरचं पाणी जड असेल तर मशीनच्या मागच्या नळीतली बारीक जाळी क्षाराने बुजते. ती पकडीने ओढून काढून व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवली की मोकळी होते.

गीझर लावून बघावा. १५ लिटरचा, २,००० वॉटचा गीझर थंडीतही पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापवतो. अर्धा तास लागत असेल तर कॉइलवर क्षाराचा थर बसलाय असं समजावं आणि राहायला येण्याआधीच सर्व्हिस करून मागावी. पंखा हळू फिरत असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही, बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गेलेला असतो, आणि तो अगदी थोडक्यात बदलून होतो.

उन्हाळ्यासाठी एसीचं आकर्षण सगळ्यांनाच. जुना दीड टनी एसी तासाला एक ते दीड युनिट घेतो; रात्रीचे आठ तास धरले तरी महिन्याला तीनशे युनिटांच्या घरात जातो. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, म्हणजे एसीमुळे वाढलेले युनिट महागड्या टप्प्यात जातात. मालक आणि भाडेकरू एकाच मीटरवर असतील तर दोघांचे युनिट एकत्र मोजले जातात आणि वरच्या दराचा बोजा सबमीटरवरून भाडेकरूवर येतो. एसीवालं घर घ्यायचं तर वेगळं मीटर हवंच. इथली एप्रिल-मेची हवा कोरडी, त्यामुळे कूलर छान काम करतो, फक्त समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. पण कूलरची ५०-६० लिटरची टाकी एका रात्रीत रिकामी होऊ शकते. म्हणजे परत साठ्याचाच प्रश्न.

१२ मे

पलंगाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण भरलेल्या घरातला सगळ्यात मोठा धोका तिथे असतो. ढेकूण महिनोन्‌महिने उपाशी राहतात, त्यामुळे ‘घर तीन महिने बंदच होतं’ या वाक्याने निर्धास्त होऊ नये. मोबाईलची बॅटरी लावून गादीची शिवण चारही बाजूंनी अंगठ्याने उलटून बघावी. शाईच्या पेनाने टिंबं दिल्यासारखे काळे डाग, तांबूस ठिपके, पारदर्शक कात. मग पलंगाच्या डोक्याकडची फळी, स्क्रूची भोकं, प्लायच्या सांध्यातली फट. फटीतून जुनं एटीएम कार्ड फिरवावं, खाली पांढरा कागद धरावा. गादी गच्चीवर उन्हात टाकली तर वरची खोळ पोळते, पण जाड गादीचा गाभा तेवढा तापत नाही आणि ढेकूण आत सरकतात. डाग दिसले तर पलंग बाहेर काढल्याशिवाय घर घेऊ नये.

म्हणून मला मधला मार्ग पटतो. भिंतीला जोडलेलं ते मालकाचं असावं: ट्रॉली, कपाटं, गीझर, पंखे, पडद्याचे रॉड. अंगाला लागणारं आपलं असावं: गादी, उश्या, चादरी. लोखंडी पलंग मालकाचा चालतो, कापसाची गादी मात्र गादीवाल्याकडून नवी भरून घ्यावी.

कपाट प्लायचं की भुशाच्या बोर्डाचं, ते खालची कड चाचपून कळतं. बाथरूमच्या भिंतीला टेकलेल्या बोर्डाची कड पावासारखी फुगलेली असते. ती आधीच फुगलेली होती हे लिहून ठेवलं नाही, तर जाताना डिपॉझिटमधून वळती होते. जुन्या घरांतल्या शहाबादी फरशीवर लोखंडी कपाटाचे पाय रोजच्या पुसण्याने गंजतात. खाली प्लॅस्टिकच्या वाट्या घालाव्यात.

स्वयंपाकघरात फक्त इंडक्शन दिलेलं असेल तर ज्वारीची भाकरी फुगायची नाही. तव्यावरून काढून आचेवर शेकायला गॅसच लागतो. मालकाच्या नावचं सिलिंडर वापरत राहण्यापेक्षा भाडेकरारावर स्वतःचं कनेक्शन घ्यावं.

१५ मे

आज कागदांविषयी. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क फार नसतं. ९,००० भाडं, अकरा महिने, म्हणजे ९९,०००. त्यात ४०,००० डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी येणारे ३,६६७ मिळवायचे. एकूण १,०२,६६७, त्याचे पाव टक्का म्हणजे साधारण २५७ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० वेगळी. भरलेल्या घराचं डिपॉझिट जास्त असतं, म्हणून तिथे नोंदणी टाळणं भाडेकरूला जास्त महागात पडतं.

कराराला वस्तूंची यादी जोडावी आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. ‘फ्रिज – १’ एवढं पुरत नाही. कंपनी, लिटर, सिरीयल नंबर आणि आजची अवस्था लिहावी: ‘खालचा ट्रे तडकलेला, दाराचं रबर सैल’. रबर तपासायला दारात दहाची नोट अडकवून ओढावी. सहज निघाली तर रबर गेलं. ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूकडून वसूल केली जाणार नाही’ हे वाक्य करारात हवं, आणि दुरुस्तीची वाटणीही: समजा ५०० पर्यंतची भाडेकरूची, त्यावरची मालकाची.

किल्ली घेतानाचे फोटो रिकाम्या भिंतींचेही काढावेत, खिळ्यांच्या भोकांसकट. शेवटचा फोटो मीटरचा, आकडा आणि मीटर नंबर दोन्ही दिसतील असा, आणि तो त्याच मिनिटाला मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवावा.