चकलीच्या पानाखाली 'नो रिफंड'

दिवाळीच्या तोंडावर आमच्या अंधेरीच्या ऑफिसात फराळवाल्यांचे फोन सुरू होतात; त्यांच्या साइट गुगलवर नीट दिसाव्यात, हे आमचं काम. या वेळी दादरचे क्लायंट तापले होते. "मॅडम, गुगलवर आमच्या नावाखाली 'नो रिफंड' कुणी लिहिलं? व्याही विचारतायत, धंदा अडचणीत आहे का म्हणून!"

आम्ही लिहिलं नव्हतं. मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे पानाच्या कोडमध्ये गुगलसाठी ठेवलेलं छोटं वर्णन, मीच दिलं होतं आणि त्यात भाजणीची चकली, बेसनाचे लाडू, अनारसे, डबा कुठवर पोचतो, सगळं होतं. लोकांना वाटतं हे वर्णन लिहिलं की साइट वर येते. ते क्रमवारीत धरत नाही, हे गुगलने २००९ सालीच सांगितलंय. निकालात नावाखाली ज्या दोन ओळी दिसतात, त्यांच्यासाठी ते असतं. आणि तिथेही पटलं तर गुगल घेतं, नाहीतर पानावरचं शोधाशी जुळणारं वाक्य उचलतं.

लांबीचं तर विचारूच नका. डिसेंबर २०१७ मध्ये या ओळी वाढल्या, मे २०१८ मध्ये पुन्हा आखडल्या. आमच्या साहेबांच्या एक्सेलमध्ये अजून १५५ अक्षरांच्या पुढचं सगळं लाल होतं. एक्सेल काना, वेलांटी, अनुस्वार सुटे मोजतं. 'श्रीखंड' डोळ्यांना तीन अक्षरं, एक्सेलला सात! गुगल कापतं ते जागेच्या रुंदीवर. तरी त्या लाल रंगापायी मराठीतली चांगली वाक्यं छाटली जातात, आणि दर मीटिंगला हे सांगून माझंच तोंड दुखतं.

पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड उघडला, तर वर्णन 'दादरचा' या शब्दावरच संपलेलं. मालकांनी साइटच्या पॅनलमध्ये जाऊन पुढच्या 'घरगुती'ला हौसेने दुहेरी अवतरणचिन्हं घातली होती. कोडमध्ये अख्खं वर्णनच दुहेरी अवतरणात असतं; आतलं पहिलं चिन्ह आलं की मजकूर तिथेच संपला असं धरलं जातं. असं चिन्ह आपोआप बदलून घेण्याची सोय साइट बांधणाऱ्याने करायची असते. तो म्हणाला, "क्लायंटने हात कशाला लावला?" डेव्हलपर मंडळींचं हे ठरलेलं उत्तर.

चिन्हं काढली, सर्च कन्सोल या साइटवाल्यांसाठीच्या गुगलच्या साधनातून पान पुन्हा वाचायची विनंती टाकली. काही दिवसांनी देवनागरीत 'दादर फराळ' शोधलं, तर माझी ओळ आली. तेच रोमन अक्षरांत टाइप केलं, तर पुन्हा 'नो रिफंड'. पान मराठी, पण खालच्या अटी कुठून तरी उचललेल्या इंग्रजीत, आणि 'नो रिफंड' त्यातलंच. फराळ, दिवाळी हे शब्द रोमन लिपीत फक्त त्या अटींमध्येच होते. आणि मुंबईत मराठी माणूसही शोधताना रोमनमध्येच टाइप करतो.

साहेब म्हणाले, अटींना डेटा-नोस्निपेट लाव, पाच मिनिटांचं काम. खरं आहे, त्या खुणेतला मजकूर गुगल निकालात दाखवत नाही. पण अट खरी होती. नेमकी तीच झाकायची, हे मला पटेना. मालकांना विचारलं, चकली फुटून पोचली तर काय करता?

"अहो, दुसरा डबा पाठवतो की! फोटो टाकला म्हणजे झालं."

हे साइटवर कुठेच नव्हतं! इतकी वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाला ही सांगण्यासारखी गोष्ट वाटलीच नव्हती. अटी मराठीत आणि इंग्रजीत नव्याने लिहिल्या: पैसे परत मिळत नाहीत, पण माल फुटून आला तर फोटो पाठवा, दुसरा डबा देऊ. नोस्निपेट लावलं नाही.

आता गुगल कधी पूर्ण वाक्य दाखवतं, कधी 'पण'च्या आधीच कापतं. कापलं की साहेब स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात. क्लिक वाढलेत, पण दिवाळीत चकलीचे क्लिक कुणाचेही वाढतात. सर्च कन्सोल सोळा महिन्यांचे आकडे ठेवतं, म्हणून साइट जितक्यांदा दिसली त्यातल्या क्लिकचं प्रमाण गेल्या दिवाळीशी ताडून बघणार आहे. क्रमवारी जागेवर राहिली असेल तरच त्यातून काही कळेल, आणि कळलं तरी साहेब मानतील असं नाही.