तीस वॅटचा ॲम्प छोट्या घरात ठेवायचा का?

माझा गिटारचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, ठेवायचा की काढायचा यावर आमच्याकडे बरेच दिवस खल चालला होता आणि आता एकदाचं ठरलंय, तर कसं ठरलं ते नीट लिहून काढते. छोट्या घरात मोठा ॲम्प घेऊन बसलेले माझ्यासारखे बरेच जण असणार आणि त्यांना मिळणारे सल्ले बहुतेक वेळा वॅटच्या आकड्यापाशीच अडकतात.

आधी ॲम्प कोणता ते सांगते. ३० वॅटचा ट्यूब कॉम्बो, म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणारा आणि स्पीकर त्याच पेटीत असलेला, स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर स्टेजला ईएल ८४ जातीच्या चार ट्यूब, १२ इंची दोन स्पीकर, थोडक्यात व्हॉक्स कंपनीच्या एसी ३० च्या घराण्यातला. वजन तीसेक किलो, एकटीने उचलायचा प्रश्नच नाही. तो ज्या खोलीत आहे ती दहा बाय दहाची, त्यातच पलंग, कपाट, मुलीचं अभ्यासाचं टेबल. गिटार घेऊन बसलं की ॲम्प आणि माझ्यात जेमतेम दीड मीटर.

हे ॲम्प मुळात एवढे मोठ्याने का वाजतात हे कळलं की पुढचं बरंच सोपं होतं. १९५०-६० च्या सुमाराला हॉलमध्ये जी साउंड सिस्टिम असायची ती गायकापुरती, गिटारला माइक लावून आवाज हॉलभर पोचवायची पद्धतच नव्हती. म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत गिटार ऐकू जायची असेल तर ती ॲम्पनेच न्यायची, तीही ड्रम्सच्या आणि ओरडणाऱ्या पब्लिकच्या वर. व्हॉक्सचा १५ वॅटचा ॲम्प शॅडोज या बँडला कमी पडायला लागला म्हणून ३० वॅटचा आला, पुढे द हू या बँडच्या मंडळींनी अजून मोठा आवाज मागितला आणि मार्शल कंपनीने १०० वॅटचे ॲम्प काढले. तर आपण जी वस्तू कपाटाशेजारी ठेवून बसलोय ती त्या कामासाठी बनलेली आहे, आणि ते काम ती आजही चोख करते.

आता वॅटचं. "३० वॅट फार होतात, ५ वॅटचा घे की" हा सल्ला मला इतक्यांनी दिलाय की आता मी पेन घेऊन हिशोबच करून दाखवते. वॅट निम्मे केले की आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे वॅट एकदशांश करावे लागतात. ३० चे ५ केले तर फरक पडतो जेमतेम ८ डेसिबलचा, म्हणजे निम्मासुद्धा नाही! आणि स्पीकर कोणता हे तर कोणी विचारतच नाही. सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ९८ डेसिबल देतो, त्यांचेच ब्लू आणि व्हिंटेज ३० हे स्पीकर देतात १००. एका वॅटवर! म्हणजे ५ वॅटचा ट्यूब ॲम्प चांगल्या स्पीकरवर पूर्ण सोडला तर तोही दहा बाय दहात बसू देणार नाही. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची कामाच्या जागेसाठीची मर्यादा आहे ८५ डेसिबल, आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशोबाने १०० डेसिबलला दिवसाची १५ मिनिटं मिळतात. घरात लहान मूल असेल तर हा आकडा लिहून ॲम्पवर चिकटवा, मी मनापासून सांगतेय, कानाचं नुकसान भरून येत नाही.

खरी अडचण व्हॉल्यूमच्या नॉबवर दिसते. माझ्या ॲम्पवर ० ते १० आकडे आहेत. १ च्या अलीकडे काहीच नाही, नुसती ट्यूबची सुळसुळ. मग नॉब अगदी नखभर सरकवला की एकदम आवाज येतो, आणि तोही पातळ. अजून नखभर सरकवला की कपाटाची काच थरथरायला लागते. ती काच मला पाठ झालीये, मोकळ्या ए तारेला, म्हणजे ११० हर्ट्झला, ती वाजतेच वाजते, बी ला गप्प असते, वरच्या ए ला परत थोडी कुरकुरते. घरात वापरता येईल असा सगळा आवाज या नॉबच्या एका बारीक फटीत कोंबलेला आहे आणि बाकीचा ९० टक्के नॉब माझ्यासाठी नाहीच.

शेजारचं पण सांगते. खालच्या मजल्यावरचे काका फार सज्जन, कधी भांडायला आले नाहीत, जिन्यात भेटले तेव्हा मीच विचारलं, "काका, त्रास होतो का हो गिटारचा?" तर म्हणाले, "अगं गिटार ऐकूच येत नाही मला, नुसतं घूं घूं येतं छतातून. गाणं तरी ऐकू आलं असतं तर बसलो असतो ऐकत."

काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. वरचे सूर, पिकचा, म्हणजे तार छेडायच्या पट्टीचा, टोकदारपणा, सगळं भिंत आणि स्लॅब खाऊन टाकतात, आणि खर्ज तेवढा पार होतो. लो ई, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा सूर, ८२ हर्ट्झ, त्याची लहर चार मीटरच्या वर लांब, आपल्या खोलीपेक्षा मोठी. भिंतीवर जो चौकोनी फोम लावतात त्याने या लहरीला काही म्हणजे काही होत नाही, तो फोम खोलीतला घुमणारा तीव्र आवाज कमी करतो, बाहेर जाणारा थांबवत नाही. थांबवायला लागतं वजन आणि मधली हवेची पोकळी, म्हणजे खोलीत दुसरी खोली बांधणं, ते आपल्याच्याने होणार नाही. ॲम्प जमिनीवरून उचलून स्टँडवर ठेवला, खाली जाड रबर घातलं आणि बास कमी केला तर खाली जाणारी धडधड कमी होते, हे मी करून पाहिलंय आणि काकांनीही फरक पडला म्हणून सांगितलं. स्टँडवर तिरका ठेवल्याचा अजून एक फायदा, स्पीकर पायांवर न वाजता कानाकडे वाजतो, त्यामुळे तीव्र सूर नीट ऐकू येतात आणि आपोआपच आवाज कमी ठेवला जातो.

मग अटेन्युएटर. हा ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो आणि ॲम्पची बरीचशी ताकद उष्णतेत घालवतो. बॉस्टन बँडचा टॉम शोल्झ स्वतः एमआयटीत शिकलेला इंजिनियर, त्याने पॉवर सोक नावाने हे काढलं आणि गिटारवाल्यांमध्ये ते रुळलं. ५-६ डेसिबल उतरवायला अटेन्युएटर छान आहे. पण माझ्या खोलीला वीसेक डेसिबल उतरवायला लागतात आणि तिथे आवाज घोंगडी टाकल्यासारखा होतो. यात दोष सगळा अटेन्युएटरचाही नाही, आपल्या कानाचा पण आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की आवाज कमी झाला की कानाला खर्ज आणि अगदी तीव्र सूर जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. त्यामुळे मोठ्या आवाजात जो टोन भरलेला वाटतो तोच हळू लावला की मधलाच भाग उरतो. ट्यूब टोन ट्यूब टोन म्हणून आपण ज्याच्यामागे असतो त्यातला बराच भाग निव्वळ आवाजाचा जोर आहे असं माझं ठाम मत झालंय, आणि तो जोर कुठल्याही डब्यातून कमी आवाजात मिळणार नाही.

लोड बॉक्स आणि हेडफोन हा रस्ता रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी उत्तम आहे. स्पीकरच्या जागी लोड बॉक्स, म्हणजे ॲम्पची ताकद झेलणारा डबा, त्यातून लाइन सिग्नल कॉम्प्युटरला, तिथे इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल, लावून स्पीकरच्या पेटीचा आवाज घ्यायचा, शेजाऱ्यांना काहीही कळत नाही. फक्त एक गोष्ट कायम डोक्यात ठेवायची, ट्यूब ॲम्प स्पीकर किंवा लोड जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि लोडचा ओहमचा आकडा ॲम्पच्या आउटपुटशी जुळवायचा. आणि मागचं पॅनल उघडून आपणच काही करायला जायचं नाही, प्लग काढल्यावरही आत कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात.

पण माझा निर्णय यातल्या कशावरच झाला नाही. झाला तो उजव्या हातावर.

मैत्रिणीकडे एक ट्रान्झिस्टरवाला छोटा ॲम्प आहे, बॉस कंपनीचा काटाना, त्याला अर्ध्या वॅटचं सेटिंग आहे. अर्धा वॅटही फुल सोडला तर चांगलाच वाजतो, पण त्याचा मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, अगदी खालीसुद्धा सुरळीत वर जातो, ती फट नाही. तो काही दिवस घरी आणला होता आणि नेहमीचेच रियाजाचे तुकडे वाजवत होते. नवरा बाहेरच्या खोलीत होता, तो उठून आला आणि म्हणाला, "अगं आज काहीतरी वेगळं वाजवतेयस." वेगळं काहीच नव्हतं, मी फक्त तारेवर मोकळा घाव घालत होते. मोठ्या ॲम्पवर मी वर्षानुवर्षं तार घाबरत छेडत होते, कारण जरा जोरात पिक लागला की काच वाजणार, काका, झोपलेली मुलगी, हे सगळं मनगटात बसलेलं. पिक नुसता तारेला टेकवून काढायचा, कॉर्ड अर्धवट मारायची, ॲक्सेंट, म्हणजे मुद्दाम दिलेले जोर, तर जवळपास गेलेच होते. आवाज ॲम्पचा कमी केला असं मी समजत होते, प्रत्यक्षात तो हातानेच कमी होत होता.

आणि गंमत अशी की बँडबरोबर प्रॅक्टिसला हाच ३० वॅटचा ॲम्प नेला की तिथे बरोबर उलटं होतं. तिथे ड्रम्स असतात, मास्टर अर्ध्यापर्यंत जातो, पॉवर ट्यूब कामाला लागतात, आणि मग हलकं वाजवलं की स्वच्छ, जोरात मारलं की फाटतो, सगळा ताबा उजव्या हातात. स्वर धरला की हवेतून तार परत हलायला लागते आणि सूर संपतच नाही, फीडबॅकच्या काठावर उभा राहतो. ते सुख मी सोडणार नाहीये, त्यासाठीच हा घेतला होता. पण ते सुख या खोलीत एक दिवसही मिळालेलं नाही आणि मिळणार नाही, आणि रोजचा रियाज मात्र त्याच्यापायी आखडतोय.

म्हणून ॲम्प विकायचा नाही, घरात ठेवायचा नाही. तो प्रॅक्टिस रूमवर जाईल, घरी अर्ध्या वॅटवर चालणारा छोटा ॲम्प आणि रात्रीसाठी हेडफोन. विकावा असं नवऱ्याचं म्हणणं होतं, त्याला जागा हवी होती आणि ती आता मिळतेच आहे. माझं म्हणणं, बँड चालू आहे तोवर नाही. ज्यांचा बँड नाही, फक्त घरीच वाजवतात आणि शेजार भिंतीला भिंत लागून आहे, त्यांनी मात्र खुशाल विकावा असं मी सांगेन, तो जिथे व्हॉल्यूम ५ वर ठेवून वाजेल अशा कोणाकडे जाऊ दे. स्वतंत्र घर असेल, किंवा लोड बॉक्सवर रेकॉर्डिंगचं काम नियमित असेल, तर प्रश्नच वेगळा. ठरत नसेल तर छोटा ॲम्प कोणाकडून तरी आठवडाभर मागून आणा आणि स्वतःचं वाजवणं दोन्हींवर फोनमध्ये रेकॉर्ड करून ऐका, टोन नका ऐकू, पिकचा जोर ऐका.

प्रॅक्टिस रूमवर ठेवायचं म्हणजे थोडी व्यवस्था लागते, तीही लावलीये. नेण्याआधी ॲम्प पूर्ण गार होऊ द्यायचा, गरम ट्यूबना हादरा सोसत नाही. तिथे जमिनीला ओल असते म्हणून फळीवर ठेवणार, वर कापडी कव्हर, प्लास्टिक नको कारण आत दमटपणा कोंडतो. महिनोन्महिने बंद ठेवायचा नाही, इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरना ते मानवत नाही, त्यामुळे मी गेले नाही त्या आठवड्यात ड्रमरने थोडा वेळ चालू करायचा असं ठरलंय, आणि दुसऱ्या बँडच्या मुलांनाही वाजवू द्यायचा, फक्त चालू असताना मागची स्पीकरची वायर कोणी काढायची नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून मागच्या पॅनलवर चिकटवलंय. रविवारी टेम्पो सांगितलाय.