‘अर्थ एंजल’ : मरून आली, निळी बाकी

द पेंग्विन्सच्या ‘अर्थ एंजल’ या गाण्याची, डूटोन कंपनीच्या क्रमांक ३४८ची मरून लेबलवाली ४५ (मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी) एकदाची हाती आली. लाल आधीपासून होती. निळी आणि काळी अजून यायच्यात.

नव्या मंडळींसाठी या रंगांची भानगड सांगतो. द पेंग्विन्स हा लॉस एंजेलिसमधल्या चार पोरांचा गट, मुख्य आवाज क्लीव्हलंड डंकनचा. १९५४ मध्ये डूट्सी विल्यम्सने आपल्या छोट्याशा डूटोन कंपनीसाठी त्यांच्या या गाण्याचं रेकॉर्डिंग केलं, तेही बेसवादक टेड ब्रिन्सनच्या गॅरेजात. शेजारचं कुत्रं भुंकलं की टेक बाद! ड्रम्सचा आवाज गाण्यावर चढू नये म्हणून त्यांना उशा लावलेल्या. वर आणखी वाद्यं चढवायचा विल्यम्सचा बेत होता, पण ती कच्ची प्रत डॉल्फिन्स ऑफ हॉलीवूड या दुकानातून चालणाऱ्या रेडिओ कार्यक्रमात निवेदक डिक हगने वाजवली आणि फर्माइशी सुरू झाल्या. मग काय, कच्चं होतं तेच छापलं. मागणी इतकी आली की लेबलाचा कागद संपला आणि मिळेल त्या रंगावर काम भागवलं गेलं. आपल्यासारख्यांची सोय झाली, खिशाची मात्र नाही.

माझी मरून प्रत उजेडात तिरकी धरली की गंमत दिसते. दुसऱ्या बाजूचं गाणं ‘हे सेन्योरिटा’, ती बाजू अजून काळीभोर, चकचकीत. ‘अर्थ एंजल’ची मात्र खोबण्या झिजून राखाडी पडलेली, सुरुवातीच्या पियानोवर तर सतत खरखर. कंपनीच्या लेखी ‘हे सेन्योरिटा’ हीच मुख्य बाजू होती! जुन्या मालकाने कौल कुणाला दिला ते सांगायला नको.

ऊर्ध्वपातित पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश एवढ्यावर बरीच घाण निघाली. सुई बदलल्यावर खरा फरक पडला. ०.७ मिलऐवजी (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) १ मिलची गोल टोकाची सुई लावली, तेव्हा डंकनचा आवाज खरखरीतून वर आला आणि उशीखालचे ड्रम्सही कळायला लागले. ज्यांच्याकडे याची ७८ (मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी) आहे त्यांनी ३ मिलची सुई वापरावी, आणि ती ज्या लाखेची, म्हणजे शेलॅकची असते, त्याला अल्कोहोल अजिबात लावू नये, पृष्ठभागच विरघळतो.

खरेदी करणाऱ्यांना एक सांगणं : नुसत्या रंगावर भाव करू नका. नंतरच्या छपाईवरही ३४८ हाच क्रमांक दिसतो. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीचा जवळून काढलेला फोटो मागा, तिथे कोरलेल्या खुणांवरून छपाई ओळखता येते. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर पुढे चला.

क्रू-कट्स या दुसऱ्या गायकगटाने मर्क्युरी कंपनीसाठी गायलेली याच गाण्याची आवृत्तीही संग्रहात आहे, केवळ हिशेब पूर्ण व्हावा म्हणून. १९५५ च्या सुरुवातीला ती बिलबोर्ड या अमेरिकी संगीत साप्ताहिकाच्या पॉप यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेली, मूळ गाणं आठव्यावर थांबलं. आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) यादीत मात्र पेंग्विन्स तीन आठवडे पहिले होते. क्रू-कट्सचं गाणं नीटनेटकं आहे, जीव नाही. पुढे व्यवस्थापक बक रॅमने पेंग्विन्सना मर्क्युरीत नेलं, तेही आपल्या दुसऱ्या गटालाही घ्या या अटीवर. तो गट म्हणजे द प्लॅटर्स! त्यांचं ‘ओन्ली यू’ त्याच वर्षी गाजलं, पेंग्विन्सना मात्र पुन्हा तसं यश मिळालं नाही. मर्क्युरीसाठी त्यांनी ‘अर्थ एंजल’ नव्याने गायलं, तेही ऐकलंय. गॅरेजातलंच बरं.

लंडन लेबलची ब्रिटिश प्रत, एचएल ८११४, भावामुळे सध्या यादीत शेवटी ढकलली आहे. निळ्या डूटोनची एक बोलणी चालू आहे, पट्टीचा फोटो मागवलाय. कुणाकडे काळी असेल तर तिच्या लेबलाचा स्वच्छ फोटो टाका, माझ्या लाल प्रतीवरच्या छपाईशी ताडून पाहायचाय.