काटा म्हणतो नॉर्मल

आज भाचीला घेऊन सात रस्त्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले होते. वर्षभरात पोरगी निम्मी झालीय, आणि गल्लीतल्या बायका कौतुक करतात, "काय बारीक झालीस गं, कसं केलंस?" (कसं केलं, ते ऐकवणार नाही तुम्हाला.) आधीच्या एका दवाखान्यात तर बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) नॉर्मल म्हणून आम्हाला दारातूनच परत पाठवलं होतं.

या बाईंनी काट्याआधी इतिहास विचारला. सगळ्यात जास्त वजन किती होतं, कधी, किती झपाट्यानं उतरलं, पाळी नियमित आहे का? ताईनं मोबाईलमधले बारावीचे फोटो दाखवले. मग बाईंनी भाचीची नाडी धरली. मंद!

बाईंनी समजावलं, वजन नॉर्मल दिसत असलं तरी खूप उतरलेलं असेल, तर तो ॲनोरेक्सियाचाच (वजन वाढायच्या भीतीनं खाणं तोडायचा मानसिक आजार) प्रकार असू शकतो. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत, त्याची 'ॲटिपिकल' (नेहमीपेक्षा वेगळा) अशी नोंद आहे. उपाशी शरीराचे हाल मात्र तसेच. ब्रिटनमधले मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये बुलिमियाचं (भरमसाट खाऊन मग उलट्या वगैरे करून ते बाहेर काढायचा आजार) वर्णन केलं, तेव्हाही आपल्या जुन्या वजनाच्या खाली राहायची पेशंटची धडपड त्यांनी टिपली होती. जुन्या-नव्या वजनातलं अंतर मोठं असेल, तर उपचारात वजनही जास्त वाढतं. म्हणून तक्त्यातला किमान आकडा गाठला की झालं, असं नसतं. हे ऐकून भाची रडली, आणि खरं सांगू, ताईचाही चेहरा पडला. लग्नाचं डोक्यात असणार तिच्या!

उद्या ईसीजी आणि रक्ततपासणी. तोवर भाकरी, शेंगाचटणी, दही ताईनंच वाढायचं आणि सोबत बसून जेवायचं.