पॅपिलरी, पण हॉबनेल

थायरॉइडच्या पॅपिलरी कॅन्सरचा अहवाल लिहिणे हे आम्हा पॅथॉलॉजिस्टांचे तुलनेने निर्धास्त काम असते, कारण १० वर्षांनंतरही यातले ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात असतात. साठी ओलांडलेल्या एका बाईंची शस्त्रक्रियेत काढलेली थायरॉइड ग्रंथी आमच्याकडे आली, तेव्हा सुईच्या तपासणीत ‘पॅपिलरी’ असे आधीच कळलेले होते आणि सर्जननी घरच्यांना तसा धीरही दिला होता. ग्रॉसिंग करताना, म्हणजे ग्रंथी नुसत्या डोळ्यांनी पाहून कापताना, मात्र गाठ ग्रंथीचे वेष्टन ओलांडून मानेच्या स्नायूत शिरलेली दिसली.

दुसऱ्या दिवशी स्लाइड पाहिल्या. काही भागांत नेहमीचे चित्र होते : काचेसारखी फिकट केंद्रके आणि त्यांवरच्या खाचा. उरलेल्या भागांत मात्र पेशी एकमेकींपासून सुटू लागल्या होत्या, संयोजी ऊतीचा कणा नसलेले त्यांचे बारीक पुंजके पोकळीत तरंगत होते आणि पेशीच्या तळाशी असायला हवे ते केंद्रक वरच्या टोकाला जाऊन, जाड वहाणेच्या तळव्याला ठोकलेल्या खिळ्याच्या (इंग्रजीत ‘हॉबनेल’) डोक्यासारखे बाहेर फुगले होते. रक्तवाहिन्यांतही पेशी शिरलेल्या होत्या आणि पॅपिलरीत सहसा न दिसणारी पेशींची विभाजने जागोजागी दिसत होती.

असे पुंजके फुप्फुस, स्तन किंवा अंडाशयाच्या कॅन्सरमध्येही आढळतात, म्हणून हा आजार दुसरीकडून येथे आलेला नाही याची खात्री करणे भाग होते. थायरॉइडच्या पेशी ओळखायला वापरतात ती टीटीएफ-१ या प्रथिनाची चाचणी फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही सकारात्मक येत असल्याने मी तिच्यावर विसंबले नाही. थायरोग्लोब्युलिन हे थायरॉइडच्याच पेशी बनवतात ते प्रथिन आणि पॅक्स-८ हे आणखी एक प्रथिन, या दोन्हींच्या चाचण्या सकारात्मक आल्यावरच आजार थायरॉइडचाच असल्याचे मानले. २०१० साली आसिओली आणि सहकाऱ्यांनी केवळ आठ रुग्णांवरून या हॉबनेल प्रकाराचे सविस्तर वर्णन केले आणि २०१७च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. निदानासाठी अशा पेशी किमान ३० टक्के असाव्या लागतात. गाठीचे मेणात बसवलेले तुकडे, म्हणजे सगळे ब्लॉक, पुन्हा पाहिले, तर त्या जवळपास निम्म्या होत्या. त्या ३० टक्क्यांहून कमी असत्या, तरीही मी त्यांचा उल्लेख अहवालात केलाच असता.

सर्जनना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, पॅपिलरीच आहे ना? मग काळजी कसली?” मी त्यांना सांगितले, “सर, हा प्रकार लवकर पसरतो आणि अनेकदा किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराला दाद देत नाही. छातीचा सीटी स्कॅन आताच करून घ्या.” सीटीत दोन्ही फुप्फुसांत बारीक गाठी निघाल्या.

पुढे किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला गेला, पण ते आयोडीन कुठे शोषले गेले हे दाखवणाऱ्या त्यानंतरच्या स्कॅनमध्ये फुप्फुसांतल्या गाठी दिसल्याच नाहीत. रक्तातले थायरोग्लोब्युलिन मात्र वाढतच होते, म्हणजे आजार शिल्लक होता, आणि जास्त साखर ओढणाऱ्या पेशी दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये त्याच गाठी लख्ख उमटल्या. ब्लॉकवर केलेल्या चाचणीत बीरॅफ या जनुकातले व्ही६००ई हे उत्परिवर्तन सापडले. त्यामुळे पेशीत आयोडीन ओढून घेणारे प्रथिन कमी होते, म्हणजे आयोडीन निष्प्रभ ठरण्याचे कारणही हाती आले. पॅपिलरी म्हणजे ‘चांगला कॅन्सर’ या सरसकट दिलाशावर माझा राग आहे तो यासाठीच, कारण अहवालावर नुसते ‘पॅपिलरी’ एवढेच लिहिले असते, तर वाढते थायरोग्लोब्युलिन दिसल्यावर आयोडीनचाच आणखी एक डोस देऊन पाहण्यात महिने गेले असते. कर्करोगतज्ज्ञांनी आता बीरॅफला रोखणाऱ्या गोळ्या सुरू केल्या आहेत आणि पुढचा सीटी स्कॅन व्हायचा आहे.